सोफा कम बेड

आमच्या घरात एक लॅपटॉप आहे. त्याची स्क्रीन पार मागे वळते, कीबोर्ड पाठीशी जातो आणि त्याचा टॅबलेट होतो. म्हणजे, होतो असं म्हणायचं. दुकानात झाला होता. घरी आल्यापासून काही झालेला नाही.

गोष्ट २०२० च्या जूनमधली. बायको माध्यमिक शाळेत गणित शिकवते, नववी-दहावीला. शाळा बंद, वर्ग मोबाइलवर, आणि गणित काही बोलून शिकवता येत नाही. "अहो, वर्गसमीकरण काय तोंडी सोडवून दाखवू?" असं तिने मला विचारलं, आणि मी लगेच माझं तांत्रिक डोकं चालवलं. (इथेच चुकलं.) टचस्क्रीनचा लॅपटॉप घ्यायचा, स्क्रीन फिरवायची, पाटीसारखी टेबलावर ठेवायची, तिच्यावर लिहायचं, पोरांना दिसेल. किती सोपं! दुकानदाराने मास्कआडून हसत स्क्रीन फिरवून दाखवली. एकदा, दोनदा, तीनदा. बिजागरी लोण्यासारखी फिरत होती. साध्या लॅपटॉपपेक्षा बरेच जास्त पैसे मोजून आम्ही तो घरी आणला.

पहिल्या तासाला काय झालं ते सांगतो. स्क्रीन उलटी करून टेबलावर ठेवली. आता कीबोर्ड खाली टेबलाला टेकलेला आणि कॅमेरा वर पंख्याकडे बघतोय. चाळीस मुलांना आमचा सीलिंग फॅन दिसला. ठीक आहे, कॅमेरा बंद करू. लिहायला हात टेकवला तर तळव्यालाच बोट समजून पानावर रेघा उमटायला लागल्या, मध्येच पान मोठं होऊन भलतीकडे सरकलं. मग हात अधांतरी धरून लिहिणं सुरू झालं. सोबत घेतलेल्या पेनाचं टोक रबराचं, वाटाण्याएवढं. त्याने x काढला तर काढता यायचा, पण त्याच्या डोक्यावरचा २ हा x एवढाच मोठा व्हायचा. घातांक आहे की गुणाकार आहे हे पोरांनी ओळखायचं कसं? कंटाळून तिने मशीन उचलून मांडीवर घेतलं, तर स्क्रीन आडवीची उभी झाली आणि सोडवत आणलेलं उदाहरण कुठेतरी खाली गेलं.

तिसऱ्या दिवशी तिने फ्रिजमधला पारदर्शक ट्रे काढला, पोह्यांच्या आणि रव्याच्या डब्यांवर आडवा ठेवला, त्यावर मोबाइल पालथा घातला आणि खाली वही ठेवून बॉलपेनने लिहायला सुरुवात केली. पुढचं आख्खं वर्ष त्या ट्रेवर निघालं. तशी युक्ती तेव्हा कितीतरी शिक्षकांनी केली.

आता मला कोणी म्हणेल की तू स्वस्तातलं मशीन घेतलंस, चौकशी केली नाहीस, भोग. मान्य. माझा गाढवपणा मी नाकारत नाही. पण माझं अर्धं आयुष्य सातपूरच्या एमआयडीसीत जिग आणि फिक्श्चरची ड्रॉइंगं काढण्यात गेलेलं असल्यामुळे एखादी वस्तू हातात आली की 'हिच्यावर डोकं कुठे चाललंय आणि कुठे चाललेलं नाही' हे बघायची मला खोड आहे. आणि या मशीनवर सगळं डोकं बिजागरीत चाललंय. फिरल्यानंतर पुढे काय, याच्यावर कोणाचंच चाललेलं नाही. माझं भांडण ते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण या विषयावर बोललं की दोन तट पडतात. एक तट म्हणतो की ही कल्पनाच मुळात भिकार आहे. त्यांचे पुढारी मोठे आहेत. स्टीव्ह जॉब्जने २०१० च्या ऑक्टोबरात सांगितलं होतं की उभ्या स्क्रीनला हात लावून काम करणं जमणारच नाही, थोड्या वेळाने हात गळून पडेल. २०१२ च्या एप्रिलमध्ये टिम कुकने टोस्टर आणि फ्रिज यांचा दाखला दिला: एकत्र करता येतील हो, पण गिऱ्हाइकाला ते आवडणार नाही. (आमच्याकडे शेवटी टॅबलेटचं काम फ्रिजनेच केलं, ते सोडा.) त्याच कंपनीने २०१५ मध्ये आयपॅडला पेन्सिल आणि कीबोर्ड दिला आणि २०२० मध्ये ट्रॅकपॅडसकट कीबोर्ड दिला, म्हणजे फ्रिजला टोस्टर चिकटवूनच दिला. पण ते असो. हातांच्या दुखण्याबद्दल जॉब्ज बरोबर होता. म्हणूनच तर स्क्रीन आडवी करायला हवी! उभ्या स्क्रीनविरुद्धचा मुद्दा हा फिरणाऱ्या स्क्रीनच्या बाजूचाच मुद्दा आहे, हे या तटाला दिसत नाही.

आणि एकात दोन वस्तू म्हटलं की नाक मुरडायचं, हे तर मला अजिबात पटत नाही. माझा मामा डोंबिवलीत वन रूम किचनमध्ये राहायचा. त्याच्याकडे सोफा कम बेड होता. शेजारच्या सुताराने घरीच बसून केलेला. मला आठवतंय, त्या सुताराने माप घ्यायच्या आधी विचारलं होतं की यावर झोपणार कोण. मामा म्हणाला, मी. मग त्याने खोलीचं माप नंतर घेतलं, आधी मामाची उंची मोजली. त्या बेडवर मामा वीस वर्षं झोपला आणि पाठीची तक्रार त्याने कधी केली नाही. दिवसा बसायला तो सोफा जरा खोलच होता, पाहुणे मागे कलंडायचे. पण घरात मुख्य गरज झोपायची होती आणि ती सुताराने आधी भागवली.

तर प्रश्न दोन वस्तू एकत्र करण्याचा नाहीच. यावर झोपणार कोण, हे विचारलं का, हा आहे.

थोडा इतिहास बघू, कारण 'तंत्रज्ञान अजून तेवढं पुढे गेलेलं नाही' हे कारण या बाबतीत दिलं जातं आणि ते खरं नाही. ॲलन के याने १९७२ साली डायनाबुक नावाच्या मशीनची कल्पना कागदावर मांडली. वहीएवढं, चार पौंडांच्या आत वजन, लहान मुलांच्या हातात द्यायचं. त्यात काही फिरत नव्हतं, वळत नव्हतं. त्याचा सगळा विचार मूल काय करेल इथून सुरू होत होता. नव्वदीच्या सुरुवातीला पेनाचे संगणक आले. कॉम्पॅकचा कॉन्चेर्टो १९९२ चा, त्याचा कीबोर्ड सुटा व्हायचा. मग २००२ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने टॅबलेटसाठी विंडोज एक्सपीची खास आवृत्ती आणली. त्याच्या एक वर्ष आधीच बिल गेट्सने भाकीत करून ठेवलं होतं की पाच वर्षांत अमेरिकेत सर्वांत जास्त खपणारा पीसी हाच असेल. एसरने मधोमध एका खुंटीवर गोल फिरणारी स्क्रीन काढली, तोशिबाने काढली, पुढे २००५ मध्ये थिंकपॅडची आली. भाकीत खोटं ठरलं. जड, महाग, बॅटरी लवकर संपणारी मशीनं होती ती.

पण त्या जड मशीनांत एक गोष्ट बरोबर होती. त्यांतल्या अनेकांत वाकोम कंपनीचं पेन होतं. स्क्रीनच्या मागे तारांचं जाळं, त्यातून निघणारं चुंबकीय क्षेत्र, आणि पेनाच्या पोटात एक कॉइल. पेनाला लागणारी वीज त्या क्षेत्रातूनच मिळते, सेल लागत नाही. पेन काचेच्या जरा वर असतानाच मशीनला कळतं. आणि मुख्य म्हणजे त्यांतल्या बहुतेक मशीनांना बोट कळतच नव्हतं! त्यामुळे तळवा खुशाल टेकवा, कोपर टेकवा, चहाचा कप ठेवा. लिहिणाऱ्या माणसाला अजून काय पाहिजे असतं?

मग २०१० मध्ये आयपॅड आला. सगळ्या जगाला बोटाचं वेड लागलं. २०१२ च्या ऑक्टोबरात विंडोज ८ आलं आणि त्याच्यासोबत फिरणाऱ्या मशीनांची जत्रा भरली. लेनोवोच्या योगाची स्क्रीन पूर्ण ३६० अंश मागे जायची, डेलची स्क्रीन चौकटीच्या आतल्या आत कोलांटी मारायची, सोनीची सरकायची. एकाहून एक बिजागऱ्या. पण यांतल्या पहिल्या योगाला पेन नव्हतं, आणि त्याची नक्कल करत जी शेकडो मॉडेलं निघाली त्यांतल्या स्वस्त मॉडेलांना तर नाहीच. बोटाने काचेवरचा विद्युतभार बदलतो आणि स्पर्श कळतो. प्लास्टिकच्या बारीक टोकाने काही होत नाही. म्हणून ते वाटाण्याचं पेन. म्हणजे २००२ मध्ये पेन होतं पण बोट चालत नव्हतं, आणि २०१२ मध्ये बोट चालत होतं पण पेन गेलं. दहा वर्षांत पुढे गेलो की मागे?

बिजागरीला मी शिव्या देतोय असं कृपया समजू नका. ते फार कठीण काम आहे. टचस्क्रीनला बोट लावलं की स्क्रीन मागे ढकलली जाते, म्हणून बिजागरी घट्ट पाहिजे. घट्ट केली तर एका हाताने झाकण उघडताना खालचा भागही वर येतो. आतून वायरी जातात, त्या हजारो वेळा वाकल्या तरी तुटायला नकोत. स्क्रीन सुटी होणारी केली तर सगळं यंत्र आणि बॅटरी स्क्रीनच्या मागे जाते, वरचा भाग जड होतो आणि मशीन मागे पडतं. मग खाली वजन टाका, नाहीतर पाठीला टेकू लावा. टेकू लावला की ते टेबलावर उत्तम आणि मांडीवर डळमळीत. मायक्रोसॉफ्टने २०१५ च्या सरफेस बुकमध्ये सापाच्या अंगासारखी उलगडणारी बिजागरी केली, मोठी बॅटरी कीबोर्डमध्ये ठेवली. एक अभियंता म्हणून मी टोपी काढतो.

पण म्हणूनच राग येतो. एवढं कठीण काम करता येणाऱ्या माणसांना सोपी कामं का दिसली नाहीत?

वजन घ्या. पहिला योगा सुमारे दीड किलोचा. पहिला आयपॅड ६८० ग्रॅमचा. टॅबलेट म्हणून हातात धरायचं तर निम्म्याहून जास्त वजन हे काहीच काम न करणाऱ्या कीबोर्डचं आणि त्याच्या तळाचं. तो कीबोर्ड मागून बोटांना टोचत राहतो. २०१३ च्या थिंकपॅड योगामध्ये यावर एक सुंदर इलाज होता. स्क्रीन मागे गेली की कीबोर्डची चौकट वर यायची, बटणं तिच्या पातळीत आत जायची आणि कुलूपबंद व्हायची. कोणीतरी ते मशीन उलटं करून हातात धरलं होतं, हे लगेच कळतं. बाकीच्यांनी फक्त बटणांची वीज कापली आणि हात झटकले.

आकार घ्या. ए-फोर कागदाची उंची रुंदीच्या १.४१ पट असते. जुन्या टॅबलेट पीसींच्या स्क्रीन त्याच्या जवळ जाणाऱ्या होत्या, चारास तीन. मग लॅपटॉपमध्ये सिनेमाच्या मापाच्या, सोळास नऊच्या स्क्रीन आल्या आणि त्याच उचलून इथे बसवल्या. ती उभी धरली की पंचांगासारखी लांबलचक होते. आडवी ठेवली आणि स्क्रीनवरचा कीबोर्ड उघडला की लिहायला चार ओळींची फट उरते.

कॅमेऱ्याची गोष्ट सांगितलीच.

आणि ज्यांनी हे सोडवलं ते काही श्रीमंत नव्हते. एक मशीन २००७ मध्ये आलं होतं, 'दर मुलामागे एक लॅपटॉप' या योजनेचं, हिरवं-पांढरं, कान असलेलं. शंभर डॉलरचं म्हणून गाजलं आणि शंभर डॉलरला काही मिळालं नाही. आपल्याकडे त्याच साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या एका एकशिक्षकी शाळेत ते पोरांच्या हातात गेलं. त्या योजनेवर टीका करायला पुष्कळ जागा आहे, मीही करेन. त्याला टचस्क्रीनही नव्हती, ती पुढे २०१३ च्या मॉडेलला आली. पण स्क्रीन फिरवून पुस्तकासारखी पालथी घातल्यावर काय, याचा विचार त्या पहिल्या मशीनमध्ये केलेला होता. स्क्रीनच्या दोन्ही बाजूंना, अंगठे जिथे येतात तिथे बटणं होती, म्हणजे कीबोर्ड झाकला गेला तरी पान पुढे नेता यायचं. आणि स्क्रीन भर उन्हात वाचता यायची, उलट उन्हात मागचा दिवा बंद केला तर चालायचं. हे मूल अंगणात बसून वाचणार आहे, हे कोणाच्या तरी डोळ्यांसमोर होतं.

आता आपल्या भाषेचं. इंग्रजीत टाइप करणाऱ्याला पेन नसलं तरी फार बिघडत नाही, कीबोर्ड त्याचाच आहे. आपली अवस्था काय आहे? बटणांवर देवनागरी अक्षरं छापलेली नसतात. इनस्क्रिप्ट शिकणारे थोडे. बाकीचे आपण रोमन अक्षरं बडवून त्याचं मराठी करत आलो. माझ्या बायकोसारखी हजारो माणसं आहेत, सुंदर अक्षराची, फळ्यावर वळणदार लिहिणारी, जी टाइप करताना एकेक बटण शोधतात. पेनाचा टॅबलेट खरा कोणासाठी असेल तर यांच्यासाठी. २००२ च्या त्या विंडोजला हस्ताक्षर ओळखता यायचं, पण त्या भाषांत मराठी नव्हती, हिंदीसुद्धा नव्हती. २०१५ मध्ये गुगलने अँड्रॉइड फोनसाठी ८२ भाषांचं हस्ताक्षर ओळखणारं ॲप दिलं, त्यात देवनागरी आली. फोनवर. चार बोटं रुंदीच्या काचेवर.

एक छोटी गोष्ट बघा. आपण शब्द लिहितो आणि बहुतेक जण शिरोरेषा शेवटी देतो. म्हणजे हात उजवीकडे गेला, की पुन्हा डावीकडे येतो आणि पूर्ण शब्दावरून रेघ ओढतो. प्रत्येक शब्दाला हात लिहिलेल्या ओळीवरून मागे-पुढे फिरतो. रोमन लिपीत टी चा दांडा किंवा आय चा टिंब सोडला तर हे होत नाही. ज्या काचेला तळव्याचा आणि पेनाचा फरक कळत नाही, ती इंग्रजी लिहिणाऱ्याला जेवढी छळते त्याच्यापेक्षा मराठी लिहिणाऱ्याला जास्त छळते. आणि अक्षर ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला एकेक अक्षर सुटं येणार अशी सवय असेल, तर सगळ्या अक्षरांना शिवणारी ती शेवटची रेघ कुठल्या अक्षराची, हे त्याला कळायचं कसं? हे मी काही फार मोठं संशोधन सांगत नाहीये. कोणत्याही पहिलीच्या बाईंना विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं. प्रश्न विचारण्याचा आहे.

कंपन्यांच्या बाजूने उत्तर ठरलेलं असतं: लोक पेन वापरत नाहीत, लोक स्क्रीन तंबूसारखी उभी करून सिनेमा बघतात, आमच्याकडे आकडे आहेत. असतील हो आकडे. आमच्या मशीनचेही तुमच्याकडे असतील, त्यात दिसत असेल की या बाईंनी तीन दिवस लिहिलं आणि नंतर कधीच लिहिलं नाही. त्याचा अर्थ बाईंना लिहायचं नाही असा तुम्ही लावलात. बाई त्या वेळी फ्रिजच्या ट्रेखाली रोज चार तास लिहीत होत्या, ते तुमच्या आकड्यांत येत नाही. आणि सिनेमा बघायला स्क्रीन तंबूसारखी उभी करायची गरज काय, लॅपटॉप उघडला की ती उभीच असते की! :-)

आता परिस्थिती सुधारली आहे हे मी मान्य करतो. चांगल्या पेनाला प्रतिसाद देणारी मशीनं मिळतात, स्क्रीनही पुन्हा कागदाच्या मापाकडे यायला लागल्या आहेत. सरफेस प्रोने २०१४ मध्येच तीनास दोनची धरली. पण पेन बऱ्याचदा खोक्यात नसतं. ठेवायला मशीनमध्ये खाच नसते. (जुन्या थिंकपॅडमध्ये होती.) आणि एका कंपनीचं पेन दुसऱ्याच्या मशीनवर चालेलच असं नाही, कारण पेनाशी बोलायच्या रीती वेगवेगळ्या. २०१५ मध्ये बऱ्याच कंपन्यांनी मिळून एक समान रीत ठरवायचं मनावर घेतलं, ती मुख्यतः क्रोमबुकांपर्यंत पोहोचली. उलट विंडोज ११ मध्ये, २०२१ साली, पूर्वीचा वेगळा टॅबलेट मोडच काढून टाकला. बिजागरी मात्र सगळ्यांकडे आहे.

गेल्या दिवाळीत जुन्या मशीनची बॅटरी फुगली म्हणून पुन्हा दुकानात गेलो. वेगळं दुकान, वेगळा मुलगा. या वेळी मी शहाणा होऊन गेलो होतो. बायकोला सोबत नेलं आणि तिला वहीचं एक पान लिहून न्यायला सांगितलं, वर्तुळाची स्पर्शिका, आकृतीसकट. म्हटलं, हे एवढं यावर हात टेकवून लिहून बघायचंय.

मुलाने स्क्रीन मागे वळवून टेबलावर ठेवली. बायको म्हणाली, "पेन द्या ना." तो म्हणाला, "मॅडम, पेन सेपरेट आहे, डेमोला नाहीये. ऑर्डर टाकली तर आठ-दहा दिवसांत येईल."

"मग आत्ता लिहून कसं बघायचं?"

त्याने जरा विचार केला, मशीन परत उचललं आणि स्क्रीन पुन्हा एकदा फिरवून दाखवली.